काळ्या अमेरिकेचा इतिहास आणि आपलं महाड

कॉलेजात इतिहास किंवा इंग्रजी साहित्य घेतलेली मुलं कधीतरी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या धड्यापाशी येतात, आणि घरी प्रश्न उभा राहतो, ‘हे कशाला शिकवतात रे तुम्हाला?’ मी बी. ए. झालो, प्राध्यापक काही झालो नाही. पण कविता लिहितो म्हणून महाड-पोलादपूरकडची मुलं वह्या घेऊन माझ्याकडे येतात आणि हा प्रश्नही सोबत घेऊन येतात. घाटाखालच्या गावातला बाप हे विचारतो तेव्हा त्याचं काही चुकत नाही. मुलगी पहाटे उठून एस. टी. पकडते, पासाचे पैसे भरते, भात लावणीच्या दिवसांत आईच्या हाताशी नसते. एवढं सगळं करून लिंकन आणि मार्टिन ल्यूथर किंग कशाला? महाडचा माणूस महाडचं शिकला तर काय वाईट?

माझं म्हणणं असं आहे, की महाडचं नीट शिकायचं तरीसुद्धा हा इतिहास वाचावा लागतो. ते कसं, एवढंच आज सांगायचं आहे.

पाव देऊन घेतलेली अक्षरं

आधी इतिहास थोडक्यात. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं उतरवली गेली. पुढे जहाजांमागून जहाजं आली. कापूस, तंबाखू, ऊस यांच्या मळ्यांवर ही माणसं राबली, विकली गेली, वारसाहक्कानं वाटली गेली. आई गुलाम तर मूल गुलाम, हा कायदा. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता.

फ्रेडरिक डग्लस हा असाच एक गुलाम मुलगा. बाल्टिमोर शहरात मालकिणीनं त्याला मुळाक्षरं शिकवायला सुरुवात केली. मालकानं ती बंद पाडली, कारण शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही हे त्याला ठाऊक होतं. मग हा पोरगा खिशात पाव घेऊन रस्त्यावर जाई. गोऱ्यांची गरीब, उपाशी पोरं भेटत. त्यांना पाव द्यायचा आणि बदल्यात अक्षर घ्यायचं. तो १८३८ साली पळाला, १८४५ साली त्यानं आपलं आत्मचरित्र छापलं. मोठा वक्ता झाला, संपादक झाला. पण आपली जन्मतारीख त्याला अखेरपर्यंत कळली नाही. मालकाच्या वहीत गुलामाची किंमत असे, वाढदिवस नसे.

हे वाचताना मला आपल्याकडचा १ जून आठवतो. महाड तालुक्यातल्या साठी ओलांडलेल्या माणसांची ओळखपत्रं गोळा करा. कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून निघेल. गुरुजींनी शाळेत नाव घालताना अंदाजानं लिहिलेली. ती गुलामगिरी नव्हती, हे खरं. पण कुणाचा जन्म लिहून ठेवायचा आणि कुणाचा अंदाजानं भरायचा, हा प्रश्न तिथे होता तसा इथेही होता.

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपली. पण जमीन मालकाकडेच राहिली. मोकळा झालेला माणूस अर्ध्या पिकावर त्याच जमिनीत राबू लागला. बी-बियाणं, मीठ-पीठ मालकाच्या दुकानातून उधार. हंगामाच्या शेवटी हिशेब मालकाच्या वहीत, आणि त्यात कुळाच्या नावावर नेहमी बाकीच. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. खोत आणि अर्धेल हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होते. खोती कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेत शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, पाणी प्यायचे नळ वेगळे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. १९५५ च्या डिसेंबरमध्ये माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, आणि तिथल्या काळ्या वस्तीनं ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. माणसं कामावर चालत गेली. १९६४ आणि १९६५ साली नागरी हक्कांचे आणि मतदानाच्या हक्काचे कायदे झाले.

महाराष्ट्राची जुनी ओळख

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परक्यांचं. पण महाराष्ट्राची या इतिहासाशी ओळख दीडशे वर्षांची आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसलेला माणूस शूद्रातिशूद्रांची स्थिती सांगताना अमेरिकेतल्या लढ्याकडे बोट दाखवतो आणि तेही तिथली गुलामगिरी संपून आठच वर्षं झाली असताना, ही लहान गोष्ट नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम, काळ्या लोकांची वस्ती तेव्हा तिथे वाढत होती. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी तिथले थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. त्याच्या प्रती हव्या होत्या. डु बॉइस यांनी आस्थेनं उत्तर दिलं. ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात डु बॉइस यांच्या कागदपत्रांत आजही जपून ठेवलेली आहेत.

मग आलं मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ते काढलं. तिथले डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून परतले ते तिथल्या काळ्या लेखकांची ओळख सोबत घेऊन. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांना कळलं, की आपल्यासारख्यांनी आपल्या भोगाचं साहित्य केलेलं आहे. त्याच शहरातून गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ निघू लागलं. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली होती, आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांची दलित पँथर उभी राहिली. १९७८ साली जनार्दन वाघमारे यांचं अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृती या विषयावरचं मराठी पुस्तक आलं. त्या पुस्तकाच्या नावात ‘निग्रो’ हा शब्द आहे, कारण तेव्हा तोच रूढ होता. आज तो कुणी वापरत नाही. अस्पृश्य, हरिजन, दलित, बौद्ध असे शब्द आपल्याकडे बदलत गेले तसेच तिथेही बदलले. माणसं स्वतःचं नाव स्वतः ठेवू लागली की असं होतं.

या पिढीनं नक्कल केली, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण ढसाळांचा ‘गोलपिठा’ वाचा. तो कामाठीपुऱ्याचा आहे, हार्लेमचा नाही. बाहेरून आलं ते धाडस. भाषा इथलीच.

पाणी इथलं आणि तिथलं

आता आपल्या गावाकडे येऊ. १९ आणि २० मार्च १९२७ या दिवसांत महाडला परिषद भरली आणि बाबासाहेबांसह हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, पाणी प्यायली. मागून हल्ला झाला. जीव वाचवायला काही जण मुसलमानांच्या घरांत शिरले. तळं बाटलं म्हणून पंचगव्यानं शुद्ध करण्यात आलं. नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव १९२४ सालीच केला होता, तो १९२७ च्या ऑगस्टमध्ये मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेसाठी मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा खटला मात्र चालूच राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. एका ओंजळीसाठी दहा वर्षं.

अमेरिकेतला पाण्याचा किस्सा ऐका. माँटगोमेरीत सार्वजनिक बागा आणि पोहण्याचे तलाव सर्वांना खुले करण्याची वेळ आली तेव्हा १९५९ साली शहरानं बागाच बंद केल्या. पोहण्याचा तलाव बुजवून टाकला. काळ्यांबरोबर पोहण्यापेक्षा गोऱ्यांनीही पोहू नये, हे बरं वाटलं. महाडनं तळं शुद्ध केलं, माँटगोमेरीनं तलाव बुजवला. या दोन गोष्टी मुलांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की त्यांना पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा जास्त कळतं. वर्ण म्हणा, वंश म्हणा, दोन्हींची भीती एकच: स्पर्शाची.

हे सारं एकदम उगवलेलं नव्हतं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातले पेन्शनर. त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ छापलं. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा सरकारकडे अर्ज लिहिला. अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले होते. लढाई संपल्यावर त्यांचीही तीच तक्रार होती, की गोळी झेलताना चालतो, मग हक्क मागताना का नाही? सत्याग्रहाच्या तयारीत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांचा मोठा वाटा होता. बाहेरून येणारे पाहुणे चवदार तळं बघून फोटो काढतात आणि जातात. वलंगकर आणि मोरे ही नावं आपल्या मुलांनी तरी घेतली पाहिजेत.

सारखं काय, वेगळं काय

तुलना करताना एक सावधगिरी हवी. दोन इतिहास सारखे दिसले म्हणून एक होत नाहीत. रंग लांबून दिसतो, जात विचारावी लागते. काळ्या माणसाला परक्या भूमीतून आणलं होतं, इथला अस्पृश्य इथल्याच मातीतला होता. तिथे देशानं माणसाला मालमत्ता ठरवणारा कायदा केला. इथे धर्मग्रंथ, रूढी आणि गावगाडा यांनी काम भागवलं.

आणि आफ्रिकेचा माणूस म्हणजे गुलामच, असंही नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात मुरूडचा जंजिरा आहे. तिथे आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचं राज्य स्वातंत्र्यापर्यंत होतं. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला आणि दख्खनमध्ये निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं १६१० साली खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. म्हणजे ज्या शहरात मिलिंद कॉलेज उभं राहिलं, ते शहर एका विकल्या गेलेल्या आफ्रिकी मुलानं वसवलेलं. अमेरिकेतल्या मळ्यावर त्याला हे कधीच शक्य झालं नसतं. तिथे कातडीच्या रंगावरून पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामी ठरली होती.

‘असूनही’

आता थोडं माझ्याविषयी. मी कोकणी मुसलमान. घरात आमची कोकणी बोली, शाळा मराठी, कविता मराठी. कविसंमेलनात ओळख करून देणारे कौतुकानं सांगतात, ‘मुसलमान असूनही किती शुद्ध मराठी लिहितात!’ टाळ्या पडतात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ‘असूनही’ हा शब्द मला आजवर टोचत आला आहे. तो का टोचतो, हे मला एका गुलाम मुलीच्या गोष्टीनं समजावलं.

फिलिस व्हीटली १७६१ साली, सात-आठ वर्षांची असताना, बॉस्टनला जहाजातून उतरली आणि विकली गेली. ती इंग्रजी शिकली, कविता लिहू लागली. १७७३ साली लंडनमध्ये तिचं पुस्तक निघालं. त्या पुस्तकाला एक प्रमाणपत्र जोडावं लागलं. बॉस्टनमधल्या १८ प्रतिष्ठित गृहस्थांनी सह्या करून सांगितलं, की या कविता खरोखर हिनंच लिहिल्या आहेत. कवितेआधी सह्या. तो ‘असूनही’चाच दाखला होता.

डु बॉइस यांनी १९०३ सालच्या आपल्या पुस्तकात या अवस्थेला दुहेरी जाणीव म्हटलं आहे: आपण स्वतःकडे पाहतो तेव्हा दुसऱ्याच्या डोळ्यांनीही पाहत असतो. मुंबईत मी खोली शोधत होतो तेव्हा मालकाशी बोलणं छान चाले. नाव सांगितलं की त्याला आठवे, खोली कालच गेली. मित्रांनी सुचवलं, टोपणनाव घे, निदान कवितेला तरी. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातला तरुण नोकरीच्या गावी जात लपवून राहतो, आणि त्याचं पुढे काय होतं हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. अमेरिकेत उजळ रंगाची काळी माणसं गोरी म्हणून राहत. नेला लार्सन हिनं १९२९ साली त्यावर कादंबरी लिहिली. दोन्हीकडे लपवणाऱ्याला रात्री झोप नाही. मी नाव बदललं नाही.

लँग्स्टन ह्यूजेस या कवीनं १९२६ साली एका निबंधात एका तरुण कवीची गोष्ट सांगितली आहे. त्याला ‘काळा कवी’ व्हायचं नव्हतं, नुसतं कवी व्हायचं होतं. ह्यूजेसला त्यात गोरं होण्याची इच्छा ऐकू आली. मला त्या तरुणाचंही पटतं आणि ह्यूजेसचंही. श्रीगोंद्याचे शेख महंमद, शाहीर अमर शेख, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई, ही माझी मराठी वडीलधारी मंडळी. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून आमचे लिहिणारे एकमेकांना ओळखू लागले. या सगळ्यांना कुणाच्या सह्यांची गरज नाही, हे मी व्हीटलीच्या गोष्टीतून शिकलो.

शिकून करायचं काय

१८६६ साली नॅशव्हिलला मुक्त गुलामांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. ती पैशांअभावी बंद पडायची वेळ आली. तेव्हा १८७१ साली तिथल्या विद्यार्थ्यांचा संच गावोगाव फिरला. त्यांनी आपल्या आई-बापांची, मळ्यावरची भक्तिगीतं गायली. आधी त्यांना ती चारचौघांत गायची लाज वाटे. त्याच गाण्यांच्या पैशांतून इमारत उभी राहिली, विद्यापीठ वाचलं. आपल्याकडे आंबेडकरी जलशांनी हेच काम केलं. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्या गाण्यांनी न वाचता येणाऱ्या माणसापर्यंत विचार नेला.

कार्टर वुडसन हा कोळशाच्या खाणीत काम केलेला, गुलाम आई-बापांचा मुलगा. विसाव्या वर्षी माध्यमिक शाळेत गेला आणि १९१२ साली हार्वर्डचा डॉक्टर झाला. त्यानं १९२६ साली फेब्रुवारीतला एक आठवडा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा म्हणून पाळायला सुरुवात केली, कारण लिंकन आणि डग्लस यांच्या जयंत्या त्यात येतात. १९७६ पासून त्याचा महिना झाला. आपल्याकडे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ११ ला जोतीराव आणि १४ ला बाबासाहेब. मिरवणुका निघतात, त्या निघाव्यातच. पण त्या आठवड्यात कॉलेजात गावच्या इतिहासाची एक बैठकही व्हायला काय हरकत आहे?

अमेरिकेत हा विषय कॉलेजात सहज आला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कॉलेजात १९६८-६९ साली विद्यार्थ्यांनी जवळजवळ पाच महिने संप केला, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा विभाग निघाला. आणि २०२३ साली फ्लोरिडा राज्यानं शाळांतला असाच एक अभ्यासक्रम नाकारला. मिळालेला इतिहास पुन्हा काढूनही घेतला जातो, म्हणून तो लिहून ठेवावा लागतो.

त्याचा नमुनाही त्यांनीच घालून दिला आहे. १९३६ ते १९३८ या काळात सरकारनं लेखकांना कामाला लावलं आणि गुलामीत जन्मलेल्या, तेव्हा हयात असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या २३०० हून अधिक मुलाखती लिहून घेतल्या. महाड-पोलादपूरला असं काम कुणी नेमून देण्याची वाट पाहायला नको. मोबाईलमध्ये आवाज भरता येतो. घाटाखालच्या गावांतून मुंबईच्या गिरणीत गेलेले म्हातारे अजून आहेत. बोटीवर नोकरी केलेले आमच्या मोहल्ल्यातले चाचा आहेत. आमच्या बायकांची लग्नातली, हळदीची कोकणी गाणी आहेत, जी कुठल्याही पुस्तकात नाहीत. बौद्धवाडीत जलशाची गाणी पाठ असलेल्या आज्या आहेत.

आणि कातकरीवाडी आहे. पावसाळा सरता सरता उचल घेऊन अख्खं कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातं, पोरं शाळेतून सुटतात, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब मालकाच्या वहीत असतो. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा आहे. अमेरिकेतली अर्ध्या पिकाची शेती आणि तिथली उधारीची वही परीक्षेपुरती पाठ करणाऱ्या मुलीनं एकदा त्या वाडीवर जाऊन विचारावं: उचल किती घेतली, फिटली किती, वही कुणाकडे असते? उत्तरं तारखेसह, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावीत. नाव छापू का, हेही विचारावं. एका कॉलेजच्या वीस मुलांनी एका सुट्टीत पाच-पाच माणसांशी बोलायचं ठरवलं, तर महाडच्या ग्रंथालयात शंभर माणसांचा इतिहास जमा होईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)